मोमोजची चटणी घरी करा, पण ‘महिनाभर टिकते’ यावर विश्वास ठेवू नका

छत्रपती संभाजीनगर : संध्याकाळी कॅनॉट परिसरात किंवा निराला बाजारात चक्कर मारली, की मोमोजच्या गाड्यांभोवती कॉलेजची पोरं उभी दिसतात. प्लेटमध्ये मोमोज असतात सहा-आठ, पण सगळा जीव असतो तो बाजूच्या दोन चटण्यांमध्ये. एक लालभडक तिखट, दुसरं पांढरंशुभ्र मेयोनीज. मोमोज संपायच्या आत चटणी संपते आणि ‘भैया, थोडी चटणी और’ सुरू होतं.

हीच चव घरी आणायची हौस आता घरोघरी आहे. मोबाईलवर पाककृतींचा सुकाळ आहे, मिक्सर प्रत्येक घरात आहे, सामानही किराणा दुकानात मिळतं. पाककृतीही बहुतेक वेळा बरोबर असते. गडबड असते ती व्हिडिओच्या शेवटच्या वाक्यात : ‘काचेच्या बरणीत भरा, महिनाभर आरामात टिकतं.’ हॉटेलची किंवा बाटलीतली चव घरी आणता येते. बाटलीचा टिकाऊपणा मात्र आणता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

तीन राज्यांनी बंदी का घातली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादेत रस्त्यावरच्या गाडीवरचे मोमोज खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच, ३० ऑक्टोबरला, तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्यापासून बनवलेल्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. केरळने असाच निर्णय जानेवारी २०२३ मध्ये घेतला होता. तिथे बिनअंड्याचं किंवा पाश्चराइज्ड अंड्याचं मेयोनीज चालेल, कच्च्या अंड्याचं नाही, असं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही वर्षभरासाठी हेच पाऊल उचललं.

तिन्ही आदेशांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, कच्चं अंडं. मेयोनीज शिजवत नाहीत. अंड्यात साल्मोनेला हा जंतू असेल तर तो जिवंतच प्लेटमध्ये येतो. अनेकांना वाटतं, अंडं स्वच्छ धुतलं की झालं. पण हा जंतू कवचावर असतो तसा कधी कधी कोंबडीच्या शरीरातूनच अंड्याच्या आत आलेला असतो. तिथे नळाचं पाणी पोहोचत नाही. तो मारायला उष्णताच लागते, अंड्याचं मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं.

पण बंदी लागते दुकानांना आणि गाड्यांना. घरच्या मिक्सरवर कोणताही आदेश चालत नाही. एखाद्या राज्यात बंदी असो वा नसो, आपल्या ओट्यावर कच्चं अंडं फोडून मेयोनीज करायचं की नाही, हे घरच्यांनीच ठरवायचं आहे. उत्तर सरळ आहे : करू नये. विशेषतः घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा सत्तरीपुढची माणसं असतील तर अजिबात नाही.

तेल आणि पाणी एकत्र कसं राहतं?

मेयोनीज म्हणजे थोड्याशा पाण्यात अडकवून ठेवलेले तेलाचे कोट्यवधी बारीक थेंब. तेल आणि पाण्याचं एरवी जमत नाही. दोघांना बांधून ठेवायला मध्यस्थ लागतो. अंड्याच्या बलकात लेसिथिन आणि प्रथिनं असतात, ती हे काम करतात. आपल्याकडे मात्र त्याहून सोपा मध्यस्थ रोज सकाळी पिशवीतून येतो. दुधातलं केसिन हे प्रथिन तेच काम करतं. अंड्याची गरजच उरत नाही.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. दूध एक भाग, तेल दोन भाग. अर्धा कप म्हणजे साधारण १०० मिलीलिटर दूध उकळून फ्रिजमध्ये एकदम गार करायचं. रिफाइंड तेल एक कप. सूर्यफूल किंवा सोयाबीन चालेल. करडईचं तेल तर आपल्या मराठवाड्याचं, तेही चालेल, फक्त रिफाइंड घ्या. घाण्याच्या तेलाचा वास भाजीला छान लागतो, इथे तो सगळ्यांवर कुरघोडी करतो. शिवाय अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर, पाव चमचा मोहरीची पूड, दोन चमचे पांढरं व्हिनेगर.

हँड ब्लेंडर असेल तर उंच, अरुंद भांड्यात दूध आणि वरून तेल ओतायचं. ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करायचा आणि खालचा भाग पांढरा, घट्ट होईपर्यंत उचलायचा नाही. अर्ध्या मिनिटात रंग पालटतो. मग हळूहळू वर घ्यायचा. मिक्सर असेल तर चटणीचं छोटं भांडं वापरा, दूध आधी फिरवा आणि तेल धारेने, थांबून थांबून सोडा. व्हिनेगर शेवटी. ते घातल्याबरोबर मिश्रण आणखी घट्ट होतं. दुधात लिंबू पिळल्यावर प्रथिनं एकत्र येऊन पनीर होतं, त्याच क्रियेचं हे सौम्य रूप आहे.

संभाजीनगरच्या मे महिन्यात यात एक अडचण येते. पारा ४० च्या पुढे असतो, त्यात मिक्सरचं पातं फिरून भांडं तापतं आणि तेल वेगळं होतं. भांडं आणि तेल दोन्ही दहा-पंधरा मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवून घेतलं की काम सोपं होतं. तरीही फाटलंच तर फेकायचं कारण नाही. दुसऱ्या स्वच्छ भांड्यात दोन चमचे गार दूध घ्यायचं आणि फाटलेलं मिश्रण चमचा-चमचा घालत पुन्हा फिरवायचं. बहुतेक वेळा जमून येतं.

अंड्याचीच चव हवी असेल तर दोन अंडी बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडून, सोलून, गार करून तीन-चार चमचे तेल, व्हिनेगर, मीठ आणि मोहरीच्या पुडीसोबत मिक्सरला फिरवावीत. बाटलीतल्यासारखी चकाकी येत नाही. सँडविचला आणि तळलेल्या चिकनला मात्र हे उत्तम लागतं, आणि अंडं शिजलेलं असतं.

एक हिशेबही करून टाकू. एक कप तेलात सुमारे १,६५० कॅलरी असतात. तेल घरचं असो की कारखान्यातलं, आकडा तोच. ‘घरचं केलंय, खा हवं तेवढं’ हे मेयोनीजच्या बाबतीत खोटं आहे. ज्यांना हे जड वाटतं त्यांनी सरळ चक्का घ्यावा. श्रीखंडासाठी बांधतो तोच. पाव किलो चक्क्यात एक चमचा तेल, मोहरीची पूड, मीठ, चिमूटभर साखर आणि परतलेला लसूण फेटला की गाडीवरच्या पांढऱ्या चटणीच्या बरंच जवळ जाणारं काहीतरी तयार होतं. खरं तर मुलांच्या डब्यासोबत घरी आल्यावर खायला हेच बरं. मेयोनीज नावाचा हट्ट सोडला तर.

मग बाटलीतलं महिनोन्‌महिने कसं टिकतं?

बिनअंड्याच्या मेयोनीजची कोणतीही बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचावं. तेल, पाणी, साखर, मीठ यांच्या पुढे क्रमांकांची रांग असते. आयएनएस ४१५ म्हणजे झँथन गम, मिश्रण घट्ट आणि एकजीव ठेवणारा. आयएनएस २६० म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल, व्हिनेगरचा प्राण. २११ आणि २०२ म्हणजे सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट, बुरशी व जंतूंची वाढ रोखणारे. यातला कोणता कोणत्या बाटलीत असेल ते कंपनीनुसार बदलतं. हे आकडे पाहून घाबरायची गरज नाही, हे मान्यताप्राप्त घटक आहेत आणि त्यांच्या प्रमाणाला मर्यादा ठरलेली आहे.

क्रमांकांपेक्षा महत्त्वाचा असतो आंबटपणा. सामू, म्हणजे शाळेत लिटमस कागदाच्या धड्यात भेटलेला पीएच, ४ च्या आसपास किंवा खाली असेल तर आजार पसरवणाऱ्या बहुतेक जीवाणूंना वाढता येत नाही. कारखान्यात प्रत्येक घाणीचा सामू मोजला जातो. घरी दोन चमचे व्हिनेगर घातलं जातं, तेही चवीनुसार. दुकानातल्या व्हिनेगरमध्ये आम्ल असतं साधारण ४ टक्के. १०० मिलीलिटर दुधाला पुरेसं आंबट करायला ते अपुरं पडण्याचीच शक्यता जास्त. जास्त घातलं तर चव बिघडते. म्हणजे घरचं मेयोनीज जिभेला आंबट लागलं तरी जंतूंच्या दृष्टीने ते थोडं घट्ट झालेलं दूधच आहे. आणि दूध महिनाभर टिकतं असं कुणीच म्हणणार नाही.

म्हणून मुदत साधी ठेवा. दुधाचं मेयोनीज फ्रिजमध्ये दोन दिवस. चक्क्याचं दोन ते तीन दिवस. उकडलेल्या अंड्याचं त्याच दिवशी संपेल एवढंच. टेबलावर काढलेली वाटी तासाभरात उचलायची आणि वाटीत उरलेलं पुन्हा बरणीत परतवायचं नाही. मोमोज बुडवून झालेल्या वाटीत फक्त चटणी उरलेली नसते.

हा कडकपणा कुणाला अति वाटेल. पण जंतूंचं गणित बघा. अनुकूल उबेत काही जीवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. या वेगाने सहा तासांत एकाचे २ लाख ६२ हजारांवर जातात. दुपारी बाहेर काढलेला डबा रात्री आठला तेवढाच पांढरा आणि तेवढाच चविष्ट दिसतो. साल्मोनेलाने दूषित अन्नाला वास येईलच असं नाही. ‘वास घेऊन बघ’ ही घरातली जुनी कसोटी इथे नापास होते.

लाल चटणी : रंग ब्याडगीचा, बाटलीतला नको

लाल चटणीचं प्रकरण तुलनेने सोपं आहे, कारण ती शिजते. दहा-बारा ब्याडगी मिरच्या रंगासाठी, तीन-चार लवंगी तिखटासाठी, तीन मध्यम टोमॅटो, दहा पाकळ्या लसूण. मिरच्यांची देठं आणि थोडं बी काढून हे सगळं बुडेल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचं. गार झाल्यावर वाटायचं. कढईत दोन चमचे तेलावर ही पेस्ट कडेने तेल सुटेपर्यंत परतायची, मीठ, एक चमचा साखर, एक चमचा सोया सॉस घालायचा. मोठा चमचाभर व्हिनेगर गॅस बंद करताना. गाडीवरची चटणी पातळ असते, ती हवी असेल तर मिरच्या उकळलेलं पाणीच वापरावं. चार दिवस फ्रिजमध्ये, कोरडा चमचा. झालं.

रंगाबद्दल मात्र थांबायला हवं. ब्याडगीची चटणी गडद, किंचित विटकरी लाल होते. गाडीवरची कधी कधी सिग्नलच्या दिव्यासारखी लाल असते. ती मिरची नसते. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या स्टॉल्सवर बंदी आणली. कारणांमध्ये अस्वच्छता होती आणि कृत्रिम रंगही होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. घरी तीच छटा मिळावी म्हणून खाण्याच्या रंगाची पुडी आणणारे कमी नाहीत. त्यांनी निदान एकदा नुसत्या ब्याडगीवर करून बघावं. रंग कमी पडलाच तर चमचाभर काश्मिरी मिरचीची पूड तेलात परतून घालता येते.

शेजवान आणि लसणाचं तेल

महाराष्ट्राला या तिखट-लसणी चटणीची ओळख मोमोजच्या कितीतरी आधी झाली. १९७३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि चीनच्या सिचुआन प्रांताची चव श्रीमंतांच्या टेबलावर आली. तिथून खाली उतरत, वाटेत मूळ चव बऱ्यापैकी सांडत, तिचं ‘शेजवान’ झालं. आज ते डोशात आहे, वडापावात आहे, पोळीच्या रोलमध्येही आहे. चिनी माणसाला ती ओळखू येईल का, हा प्रश्न वेगळा.

घरची शेजवान चटणी म्हणजे भरपूर लसूण आणि वर दोन बोटं तेल. ‘तेल वर आलं पाहिजे, मग खराब होत नाही’ असं सांगितलं जातं. इथे दुसरा, कमी ठाऊक असलेला धोका आहे. बोटुलिझम हा विषबाधेचा प्रकार ज्या जीवाणूमुळे होतो, त्याला हवा नकोच असते. त्याचे बीजाणू मातीत असतात, म्हणून जमिनीत वाढणाऱ्या लसणावरही येऊ शकतात, आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. तेलाखाली हवा नाही, लसणात ओल आहे, आंबटपणा नाही आणि बरणी ओट्यावरच्या उबेत : त्याला हवं ते सगळं आपण पुरवतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात खाल्लेल्या ३६ जणांना असाच बोटुलिझम झाला होता. कारण निघालं, तेलात ठेवलेला आणि फ्रिजबाहेर राहिलेला चिरलेला लसूण.

असे प्रकार विरळ असतात हे खरं. पण हा आजार मज्जातंतूंवर आघात करतो, श्वास घेणंही अवघड होतं, म्हणून ‘विरळ’ या शब्दावर विसंबू नये. शेजवान चटणीत व्हिनेगर सढळ हाताने घालावं, बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि आठवड्याच्या आत संपवावी. जास्त केली असेल तर छोट्या डब्यांत घालून सरळ फ्रिजरमध्ये.

यावर घरातून एक प्रश्न हमखास येतो : मग आजीचं लोणचं वर्षभर कसं टिकायचं? लोणचं तेलामुळे एकट्याने टिकत नव्हतं. त्यात कैरीचा आंबटपणा होता, मुरायला घातलेलं मूठमूठ मीठ होतं, फोडी उन्हात किंवा पंख्याखाली सुकवलेल्या होत्या. तेलाचा थर बुरशी अडवायचा, बाकीचं काम मीठ आणि आंबट करत होतं. आणि ठेचा? तो आजी रोज ताजा कुटायची. भाकरीबरोबर खाण्याइतकाच.

हिरवा ठिपका कुठाय?

आपल्या घरांमधला एक प्रश्न आरोग्यापलीकडचाही आहे. सोमवार, गुरुवार, श्रावण, चतुर्थी पाळणारी माणसं ‘व्हेज मोमोज’ निर्धास्त मागवतात. मोमोज व्हेज असतात. सोबतच्या पांढऱ्या चटणीबद्दल कुणी विचारत नाही. भारतात बिनअंड्याचं पॅकबंद मेयोनीज सर्रास मिळतं, त्यामुळे बहुतेकांचा वार मोडत नसेलही. पण अंड्याचं मेयोनीजही त्याच दुकानात, तसल्याच बाटलीत असतं. हिरवा ठिपका शाकाहारी. तपकिरी त्रिकोण म्हणजे अंड्याचं किंवा मांसाहारी. गाडीवर बाटली दिसत नसेल तर विचारावं. कुठलं मेयोनीज आहे आणि आज कधी काढलं, हे दोन प्रश्न पुरतात. सरळ उत्तर देणारे विक्रेते या शहरात आहेत. मेयोनीज पॅकबंद आणून, बर्फाच्या पेटीत ठेवून, लागेल तसं काढणारेही आहेत. संध्याकाळच्या चार तासांच्या धंद्यावर घर चालवणाऱ्याला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं आहे. डबा झाकणाशिवाय, शेगडीच्या वाफेजवळ दिसला तर मात्र कोरडे मोमोज खाऊन निघावं.

घरून विकणाऱ्यांनी काय करायचं?

बचत गटांच्या प्रदर्शनांत, सोसायट्यांच्या ग्रुपवर, हॉस्टेलच्या पोरांना डबे देताना घरगुती चटण्या विकणाऱ्या महिला मोठ्या संख्येने आहेत. चांगला जोडधंदा आहे. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ ही त्यांची मुख्य जाहिरात असते, आणि नेमकी तीच मुदत कमी करणारी गोष्ट आहे. प्रिझर्व्हेटिव्ह नाही आणि दोन महिने टिकते, या दोन ओळी एकाच लेबलवर दिसल्या, तर गिऱ्हाईकाने विचारलंच पाहिजे : मग टिकते कशाने? वाळवलेल्या शेंगदाण्याच्या किंवा कारळाच्या चटणीला याचं उत्तर आहे, त्यात पाणीच नसतं. ओल्या शेजवान चटणीला आणि मेयोनीजला ते उत्तर लागू होत नाही.

अशा विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते, घरच्या ओट्यावरून विकलं तरी. नोंदणी क्रमांक, घटक, तयार केल्याची तारीख आणि वापरायची मुदत लेबलवर हवी. ओली चटणी आठवड्यापेक्षा जास्त टिकेल असं लिहायचं असेल तर आधी तिचा सामू मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि तो आकडा प्रत्येक घाणीला तोच येईल एवढं व्हिनेगर मोजून घालावं. चवीनुसार नको, वजनकाट्यावर.

आणि खाल्ल्यावर त्रास झालाच तर? साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. पोटात मुरडा, जुलाब, ताप, उलटी. म्हणून कालची चटणी विसरून आजच्या जेवणाला दोष दिला जातो. ओआरएस लगेच सुरू करावं. ताप जास्त असेल, जुलाबात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर डॉक्टरकडे जायला सकाळची वाट बघू नये. नजर धूसर होणं, पापण्या जड पडणं, गिळायला किंवा बोलायला अडखळणं ही लक्षणं वेगळी आहेत, तिथे थेट मोठं रुग्णालय गाठायचं आणि गेल्या काही दिवसांत काय काय खाल्लं, त्या बरणीसकट, डॉक्टरांना सांगायचं.